एक पान, ज्वराचें यंत्र आणि कपाटसंधि

इंदापूर तालुक्यांतील आमचे एक स्नेही जुनीं बाडें जमवितात. त्यांच्या घराण्याकडे पूर्वीं कुलकर्णाचें काम होतें. त्यामुळें जन्मपत्रिका, याद्या, कीर्दीचीं सुटीं पानें, औषधांच्या पाठांचीं चिटोरीं असा बराच ऐवज त्यांच्या दोन पेट्यांत सांठला आहे. गेल्या वर्षीं त्यांनीं या संग्रहाची यादी करावयास घेतली, व जेथें अडेल त्या पानाचें छायाचित्र ते आम्हांकडे मोबाईलवर पाठवूं लागले. त्यांपैकीं एका पानावर सहा घरांचें कोष्टक होतें. प्रत्येक घरांत एक तिरपी रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांस एकेक अंक, आणि कोष्टकाच्या कडांस आणखी कांहीं अंक. यादींत या पानापुढें स्नेह्यांनीं लिहिलें होतें, "यंत्र, बहुधा ज्वराचें."

तें यंत्र नव्हे हें पाहतांक्षणींच आमच्या ध्यानांत आलें. वरच्या कडेस ३, ४, ७. उजव्या कडेस २, ६. आणि डाव्या कडेवरून खालीं वळत ९, ०, २, २. तीनशें सत्तेचाळीसांस सव्विसांनीं गुणिलें असतां नऊ हजार बावीसच येतात. नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें लीलावतीवरील बुद्धिविलासिनी टीकेंत कपाटसंधि म्हणून जी रीत सांगितली आहे तीच ही. प्रत्येक अंकजोडीचा गुणाकार आपापल्या घरांत तिरप्या रेघेनें दुभागून मांडावयाचा, आणि मग तिरप्या ओळींनीं बेरीज करीत यावयाचें. दफ्तरी कागदांत हिशेबाचें फळ असतें, कृति नसते, हा आमचा नेहमींचा अनुभव. तेरीज आहे, ताळेबंद आहे, पण ती बेरीज-गुणाकार करणाऱ्यानें तो केला कसा याचा मागमूस नाहीं. कारण कृति धूळपाटीवर होई किंवा तोंडीं होई, आणि दोन्ही पुसलीं जात. अशा स्थितींत कृतीचें पान हातीं लागलें म्हणून आम्ही हर्षभरित झालों, व रातोरात चार पृष्ठांचें टिपणहि लिहून काढलें.

दुसऱ्या आठवड्यांत मूळ पान पाहण्यास इंदापुरीं गेलों. पानाच्या मागील अंगास छापील चौकटी होत्या आणि शाई बॉलपेनची होती. आम्ही भिंग काढीत आहों तोंच स्नेह्यांची नात शाळेंतून आली व म्हणाली, "आजोबा, हा माझा घरचा अभ्यास. तुमच्या पेटींत कसा गेला?" बाडांत खूण म्हणून कोणीतरी तें पान घातलें होतें. आमचें टिपण त्याच दिवशीं रद्द झालें.

ही फजिती येथें नोंदविण्याचें कारण असें कीं, एकाच पानावर दोन जाणत्या माणसांनीं दोन निरनिराळ्या चुका केल्या, आणि तिसरी चूक पानाचा उगम जेथें होता तेथें म्हणजे वर्गांत होत आहे असें नंतर आमच्या ध्यानांत आलें. मुलगी चौथींत आहे. ज्या शिकवणीच्या वर्गांत ती जाते तेथें ही रीत तिला "परदेशांतील नवी पद्धत" म्हणून सांगण्यांत आली होती. बारामतीस राहणारा तिचा मावसभाऊ दुसऱ्या एका वर्गांत जातो. त्याला मोठ्या संख्यांचा गुणाकार एका ओळींत करण्याची जी रीत शिकविली ती "वैदिक" म्हणून. आणि दोघांच्याहि घरचीं वडील माणसें म्हणतात कीं, आमच्या पंतोजींच्या वेळीं नुसती घोकंपट्टी होती, रीत कसली! या तिन्ही मतांची परीक्षा करणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम "परदेशी नवी" या मताचें पाहूं. बुद्धिविलासिनी शके १४६७ म्हणजे इ. स. १५४५ ची. तिचा कर्ता ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ हा कोंकणांतला, आणि ही टीका पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३७ सालीं छापून प्रसिद्ध केलेली असल्यानें कोणासहि पाहतां येते. तेव्हां रीत येथें नवी नाहीं. परंतु यावरून "ती आमचीच व आधीं आमचीच" असें म्हणणारे जे उठतात त्यांसहि थांबविलें पाहिजे. इटलींतील ट्रेव्हिझो येथें १४७८ सालीं छापलेल्या अंकगणितांत हेंच जाळीचें कोष्टक आहे, म्हणजे बुद्धिविलासिनीच्या सदुसष्ट वर्षें आधीं. आणि त्याच्याहि पूर्वीं मग्रिबांतील अरबी गणितज्ञांस तें ठाऊक होतें. कपाटसंधि हें नांव मात्र संस्कृतांत फार जुनें आहे. श्रीधराचार्याच्या पाटीगणितांत तें येतें. पण श्रीधराची कपाटसंधि वेगळी. तींत गुणक हा गुण्याच्या वर किंवा खालीं मांडून, दाराची फळी सरकवावी तसा एकेक स्थान सरकवीत नेतात. तिरप्या रेघांचें कोष्टक तींत नाहीं. नांव एक, रीती दोन. नामसाम्यावरून कालनिर्णय करण्याची जी संवय आपल्या संशोधकांस जडली आहे, तिचें हें एक उदाहरण म्हणून जपून ठेवण्यासारखें आहे. आम्हीं रद्द केलेल्या टिपणांत नेमकी हीच चूक होती हेंहि कबूल करतों.

आतां "वैदिक" म्हणून सांगितली जाणारी रीत. तींत एककास एककानें, मग एककास दशकानें व दशकास एककानें असें उभें-तिरपें गुणून एकदम उत्तर लिहितात. आमच्याच उदाहरणांत सात सक बेचाळीस. मग चार सक चोवीस आणि सात दुणे चौदा मिळून अडतीस. मग तीन सक अठरा आणि चार दुणे आठ मिळून सव्वीस. शेवटीं तीन दुणे सहा. हातचे मिळवीत गेलें कीं तेंच ९०२२. रीत सुंदर आहे यांत शंका नाहीं. पण ती वेदांत आहे याला आधार काय? ज्या ग्रंथानें हा समज रूढ केला तो पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य स्वामी भारतीकृष्णतीर्थ यांचा; स्वामी १९६० सालीं ब्रह्मीभूत झाले आणि ग्रंथ १९६५ सालीं निघाला. त्यांतील सूत्रें अथर्ववेदाच्या परिशिष्टांतील म्हणून सांगितलीं, परंतु त्याच ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनींच प्रस्तावनेंत लिहून ठेवलें आहे कीं, उपलब्ध परिशिष्टांत तीं सांपडत नाहींत. पाटीगणिताचे संपादक कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५० सालीं लखनौ येथें परिशिष्टांची छापील आवृत्ति स्वामींच्या पुढें ठेवून विचारलें, तेव्हां सूत्रें आपल्या स्वतःच्या परिशिष्टांत आहेत असें उत्तर मिळालें. हस्तलिखितांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस यावर अधिक भाष्य नको.

आणि गंमत अशी कीं, खरा आधार जवळच होता. हीच रीत गणेश दैवज्ञानें त्याच टीकेंत तत्स्थ या नांवानें सविस्तर दिली आहे. तिरप्या गुणनास तो वज्राभ्यास म्हणतो. म्हणजे बारामतीच्या मुलास जें चार वेदांच्या नांवावर विकलें जातें तें मुरुडजवळच्या एका ज्योतिष्याच्या टीकेंत फुकट मिळत होतें. शिवाय गणेशानें तेथें एक इशाराहि दिला आहे. त्याचा आशय असा कीं, ही रीत मोठी विलक्षण आहे, आणि मंदबुद्धीच्या शिष्यास गुरुमुखाशिवाय ती येणारी नव्हे. शिकवणीचे वर्ग चालविणाऱ्यांनीं रीत घेतली, इशारा सोडला.

तिसरें मत पंतोजींविषयींचें. यांत थोडें सत्य आहे, पण थोडेंच. तीस पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं मुलांकडून म्हणवून घेत, हें खरें. परंतु घोकलें काय आणि कां घोकलें हें कोणी पाहत नाहीं. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी या जगांत साडेतीन रुपये दरानें सत्तावीस शेरांचे किती, हा प्रश्न रोजचा. त्यास दशमान पद्धतीनें लांबलचक गुणाकार करीत बसणें हा वेडेपणा झाला असता. औट सत्ताविसें साडेचौऱ्याण्णव, की काम संपलें. १९५७ सालच्या एप्रिलपासून नवे पैसे आले, पुढील वर्षापासून किलोग्रॅम येऊं लागले, आणि औटकीचा अधिकार संपला. तिची उपयुक्तता गेली म्हणून ती मूर्खपणाची होती असें ठरत नाहीं.

याचा एक पुरावा खुद्द इंदापुरांतच आहे. प्रिंगल साहेबाची १८२८ ते १८३० ची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्या जमीनमोजणीची व आकारणीची सुरुवात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून केली, आणि मुंबई इलाख्यांतील पुढील सर्व मोजणी त्या धर्तीवर झाली, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, व तिचे भाग सोळा आणे. साखळी लांब व साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आतां पाहा. २७ साखळ्या लांब व १४ साखळ्या रुंद शेत असेल तर गुणाकार ३७८, म्हणजे ९ एकर १८ गुंठे. लांबी आठ आण्यांनीं वाढली, म्हणजे साडेसत्तावीस झाली, तर ३८५ गुंठे, म्हणजे ९ एकर २५ गुंठे. फुटांत मोजलें असतें तर याच शेतास ८९१ आणि ४६२ यांचा गुणाकार करून त्यास पुन्हा ४३५६० नीं भागावें लागलें असतें. माप असें निवडलें होतें कीं निमकी येणाऱ्या कुलकर्ण्याच्या पोरास मोठा गुणाकार करावाच लागूं नये. जुन्या मापांतहि हाच धोरणीपणा होता: वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशें वीस बिघ्यांचा चाहूर. मोठ्या संख्येस भिऊन पळणें नव्हे हें. तिला लहान करून घेणें होय.

येथें लीलावतीकडे वळावें लागतें. भास्कराचार्यांनीं गुणाकारास एकच उदाहरण घेतलें, १३५ गुणिलें १२, आणि तें पांच वाटांनीं सोडविलें. प्रथम वरच्या स्थानापासून प्रत्येक अंक बारांनीं गुणीत. मग बारांचे आठ आणि चार असे तुकडे पाडून: १०८० आणि ५४० मिळून १६२०. मग बारा म्हणजे तीन चोक म्हणून आधीं तीनांनीं, मग चारांनीं. मग स्थानांप्रमाणें, एकानें एकदां व दोहोंनीं एकदां, आणि एक स्थान सरकवून बेरीज. शेवटीं सोयीची संख्या मिळवून वा वजा करून: बारांत आठ मिळवून वीस केले तर २७००, त्यांतून आठपट म्हणजे १०८० गेले. आमच्या शाळांत आज जी उभी मांडणी शिकवितात ती यांतील चौथी वाट होय. बाकीच्या चार वाटा कोठें गेल्या? धनदांडग्याच्या वाड्यांतील एकच दालन उघडें ठेवून बाकीचीं कुलुपबंद करावीं तसें हें झालें. शके ११२८ मध्यें आचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, खानदेशांत पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिला, आणि डॉ. भाऊ दाजी यांनीं त्याचा शिलालेख उजेडांत आणला. त्या लेखाचा आपण अभिमान धरतों. पण ज्यासाठीं मठ बांधला तें चौथीच्या वर्गांत कितपत पोहोंचलें, हें कोणी विचारीत नाहीं.

या प्रकरणांत एका अलीकडील वादाचा निर्देश करणें भाग आहे. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत "त्रेसष्ट" याबरोबर "साठ तीन" असें वाचन सुचविलें गेलें. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं कारण दिलें कीं, जोडाक्षरें आणि लिहिण्याच्या उलट बोलण्याचा क्रम यांनीं लहान मुलें गोंधळतात. त्यांवर जी टर उडविली गेली ती अयोग्य होती; कारण अडचण खरी आहे. त्रिषष्टि, द्विचत्वारिंशत् ही संस्कृताची परंपरा एकक आधीं बोलते आणि आपण दशक आधीं लिहितों. वाचन शिकतांना मुलास हें उलटें पडतें, हें आम्हीं स्वतः वर्गांत तीस वर्षें पाहिलें.

परंतु गुणाकाराच्या वेळीं हाच क्रम सुलटा होतो, ही गोष्ट त्या वादांत कोणीच काढली नाहीं. ३४७ ला सहांनीं गुणतांना मूल म्हणतें, सात सक बेचाळीस. यांत "बे" आधीं ऐकूं येतात: ते लिहावयाचे. "चाळीस" मागून येतात: ते हातचे चार. जीभ ज्या क्रमानें बोलते त्याच क्रमानें हात चालतो. "चाळीस दोन" म्हणणाऱ्या मुलास आधीं ऐकलेलें मागें ठेवून नंतर ऐकलेलें आधीं लिहावें लागतें. एकोण या शब्दानें होणाऱ्या संख्या तेवढ्या या नियमास अपवाद. पण एक ते नऊ यांच्या सर्व पाढ्यांत, नऊ नव्वेपर्यंत, असा शब्द एकच येतो, आणि तो म्हणजे सात सत्ते एकोणपन्नास. हातचे मिळविल्यावर एकोणतीस, एकोणचाळीस येऊं शकतात, हें खरें. तरी मूळ पाढा एका ठिकाणींच अडतो. पाढ्यांतील त्रिक, चोक (चतुष्क), सक (षट्क) हे शब्दहि जुन्या गणितभाषेचे अवशेषच आहेत. म्हणून आमचें मत असें कीं, वाचनासाठीं "साठ तीन" खुशाल सांगावें, पण पाढ्यांत त्रेसष्टास हात लावूं नये. कऱ्हेकाठीं बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहून मात्रा मोजणाऱ्या मोरोपंतांच्या बारामतींत तरी शब्दांच्या क्रमाचें मोल पटवून देण्यास श्रम पडूं नयेत.

आतां मूळ पानाकडे. मुलीचें उत्तर बरोबर होतें. आम्हीं तिला चार व दोन यांच्या घरावर बोट ठेवून विचारलें, "हे आठ कसले?" ती म्हणाली, "आठच." वस्तुतः ते चाळीस आणि वीस यांचे आठशें. कोष्टक तिच्यासाठीं स्थानें सांभाळतें, म्हणून तिला तीं सांभाळावीं लागत नाहींत. हाच त्या रीतीचा गुण व हाच दोष. मग आम्हीं तिला कोष्टक झांकून उभी मांडणी करावयास सांगितलें. सहांची ओळ तिनें बिनचूक लिहिली, २०८२. दोहोंच्या ओळीस एक स्थान सरकविण्यास विसरली, ६९४ तशींच खालीं लिहिलीं, आणि बेरीज २७७६. ही चूक चौथीच्या वर्गांत सर्वांत अधिक होते, असें कोणताहि शिक्षक सांगेल.

तिच्या आजोबांनीं तत्काळ नवांचा ताळा घेतला. ३४७ च्या अंकांचे चौदा, म्हणजे पांच. २६ चे आठ. पांच आठें चाळीस, म्हणजे चार. उत्तर २७७६, अंकांची बेरीज बावीस, म्हणजे चार. "बरोबर आहे!" असें म्हणून ते मोकळे झाले. नवांचा ताळा द्वितीय आर्यभटाच्या महासिद्धांतापासून चालत आलेला. त्याच्यावर शंका कोण घेणार? पण शून्य विसरणें, स्थान न सरकविणें या चुकीस हा ताळा आंधळा आहे, कारण दहांनीं गुणिल्यानें अंकांची बेरीज बदलत नाहीं. मुलें जी चूक हटकून करतात तीच नेमकी या ताळ्यांतून निसटते. हें इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतर त्या ओट्यावर प्रथमच आमच्या लक्षांत आलें, आणि आम्हांस बरेंच ओशाळल्यासारखें झालें.

मग पाटीवर आम्हीं भास्कराचार्यांची दुसरी वाट घेतली. "तीनशांचे वीस वेळां किती?" "सहा हजार." "मग उत्तर सहा हजारांहून कमी येईल का?" ती थांबली. "नाहीं." आणि तिनें स्वतःच २७७६ पुसलें. नंतर वीस व सहा असे तुकडे केले: ६९४० आणि २०८२. शून्य या वेळीं विसरलें नाहीं, कारण तिनें "दोनानें" न म्हणतां "विसानें" गुणिलें होतें. आम्हांस वाटतें कीं, चौथींत मोठ्या संख्यांचा गुणाकार याच वाटेनें सुरू करावा. आधीं अंदाज, मग तुकडे, मग उभी मांडणी. गणेश दैवज्ञाचें कोष्टक त्यानंतर दाखवावें, व प्रत्येक घरांतील अंक किती शेंकड्यांचे किंवा दशकांचे हें विचारीत दाखवावें. तत्स्थ रीत सातवीपर्यंत राखून ठेवली तरी कांहीं बिघडत नाहीं.

निघतांना स्नेह्यांनीं यादीची वही पुढें केली व "ज्वराचें यंत्र" खोडून विचारलें, "आतां काय लिहूं?" आम्हीं सांगितलें, "गुणाकार, ३४७ × २६, कपाटसंधीनें, इयत्ता चौथी, कागद वहीचा, शाई बॉलपेनची." त्यांनीं तसें लिहिलें, नातीस विचारून तारीख घातली, आणि पान पुन्हा बाडांत ठेवलें.